‘शाळा’ची ‘शाला’ होते तेव्हा जीभ जड नसते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मुलगा सव्वासहा वर्षांचा, पहिलीत, इंग्रजी माध्यमात. ‘र’ आणि ‘ळ’ या दोन्हींच्या जागी ‘ल’ म्हणतो, ‘ण’च्या जागी ‘न’. सासूबाईंच्या मते त्याची जीभ जड आहे, वेखंड उगाळून लावायला हवं. शेजारणीने जिभेखालची शीर कापून घ्यायला सांगितलंय. आणि तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघून महिनाभर त्याच्याकडून जिभेचे व्यायाम करून घेताय: जीभ नाकाला लावणं, ओठांवरचा मध चाटणं, शिट्टी फुंकणं. फरक काहीच नाही. यातलं नक्की काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात कोथरूडला स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणारी बरीच मुलं याच वयाची असतात. वेखंड, कात्री आणि व्यायाम हे तीन उपाय दिसायला वेगळे असले तरी तिघांच्या मुळाशी एकच समजूत आहे: जिभेतच काहीतरी बिघाड आहे, ती जड आहे, बांधलेली आहे किंवा अशक्त आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. त्याचं कारण तुम्हीच लिहिलेल्या त्याच्या एका वाक्यात आहे: ‘आई, माझा डबा शालेत लाहिला.’

हे वाक्य मी एकेका अक्षराने वाचते. ‘डबा’ स्पष्ट आहे. ‘ड’साठी जिभेचं टोक वर उचलून थोडं मागे वळवावं लागतं आणि वरच्या दातांमागच्या उंचवट्याच्याही मागे, टाळूला टेकवावं लागतं. म्हणजे त्याची जीभ तिथवर पोचते. ‘माझा’ स्पष्ट आहे, आणि तो ‘झ’ सोपा नाही, टोकापाशी बारीक फट ठेवून हवा घासत सोडावी लागते. ‘ल’ तर तो गरजेपेक्षा जास्तच वापरतोय, आणि ‘ल’साठी टोक वरच्या दातांमागे टेकवून तिथेच धरून ठेवावं लागतं. ज्या मुलाची जीभ खरंच खाली बांधलेली असते त्याला पहिली अडचण याच ‘ल’ला यायला हवी. तुमच्या मुलाची जीभ वर जाते, मागे वळते आणि टेकते. त्याला ‘र’ आणि ‘ळ’च्या नेमक्या हालचाली अजून सापडलेल्या नाहीत, म्हणून त्या दोन्हींच्या जागी तो हाताशी असलेला सोपा ‘ल’ वापरतो.

आता जीभ हे काम कसं करते ते थोडं सविस्तर सांगते, कारण ते कळलं की घरी काय करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

जिभेत हाड नाही, नुसते स्नायू आहेत. चार स्नायूंच्या जोड्या बाहेरून येऊन तिला पुढे-मागे, वर-खाली नेतात. आणखी चार जोड्या जिभेतच सुरू होऊन जिभेतच संपतात. त्या तिचा आकार बदलतात: पसरट, निमुळती, मध्ये खोलगट, टोक वळलेलं. बोलताना या सगळ्यांना फार ताकद लागत नाही. लागते ती अचूकता, आणि तीही अगदी थोड्या वेळात. म्हणून ओठांवरचा मध चाटून ‘र’ येत नाही. चाटताना जीभ बाहेर येते, सावकाश फिरते, आवाजाशी तिचा काही संबंध नसतो. मेंदू ‘र’साठी जी हालचाल बसवतो ती ‘र’ म्हणण्याचा प्रयत्न करतानाच बसते. शिट्टीचंही तेच. व्यायाम बंद करा म्हटलं की पालकांना वाटतं आपण काहीच करत नाही आहोत. तो वेळ अक्षरांना द्या एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्या वर्णमालेची मांडणी मला यासाठी अतिशय आवडते. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत म्हणत गेलं की आवाज अडवण्याची जागा घशाकडून ओठांकडे सरकत येते. ‘क’ला जिभेची मागची बाजू वर जाऊन मऊ टाळूला लागते, ‘च’ला जिभेचा पुढचा भाग, ‘ट’ला मागे वळलेलं टोक, ‘त’ला तेच टोक पण सरळ दातांना, आणि ‘प’ला जिभेचं काम उरतच नाही. एकाच ओळीत मात्र जिभेची जागा साधारण बदलत नाही. ट, ठ, ड, ढ, ण म्हणून बघा. गळ्यावर बोट ठेवलं तर ‘ड’ला थरथर लागते, ‘ट’ला नाही. तोंडासमोर तळहात धरला तर ‘ठ’ची हवा हाताला लागते, ‘ट’ची फारशी नाही. ‘ण’ लांबवत असताना नाक चिमटीत धरलं तर आवाज तिथेच गुदमरतो, कारण ‘ण’ची हवा नाकातून जाते. म्हणजे ‘डबा’ नीट म्हणणाऱ्या मुलाकडे ‘ण’ची जागा आधीपासूनच आहे.

‘च’च्या ओळीला मात्र मराठीत एक जास्तीची खुबी आहे. ‘चिंच’ हा शब्द सावकाश म्हणा. पहिला ‘च’ टाळूवर होतो आणि दुसरा जवळजवळ दातांपाशी, लिहायला अक्षर एकच. ‘जग सुंदर आहे’ आणि ‘सुखाने जग’ यातल्या दोन ‘ज’चंही तसंच. पाच-सहा वर्षांची मराठी मुलं कुणी न शिकवता हा फरक करतात, कारण त्यांनी तो हजार वेळा ऐकलेला असतो. ऐकण्याच्या या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

आता तुमच्या मुलाची तीन अक्षरं. ही तीन वेगळी कामं आहेत, ‘बोबडं बोलतो’ असं म्हणून एकाच गाठोड्यात बांधू नका.

‘र’ आणि ‘ल’ दोन्हींना टोक जवळपास एकाच ठिकाणी, वरच्या दातांमागच्या उंचवट्याला लागतं. जुन्या व्याकरणपरंपरेत ‘र’ला मूर्धन्य, म्हणजे ‘ट’सारखा टाळूवर मागे होणारा, म्हटलंय, पण आजच्या मराठी बोलण्यात तो बहुतेकांचा याच उंचवट्यावर होतो. दोघांत फरक आहे तो जिभेच्या कडांचा. ‘ल’ म्हणताना टोक चिकटून राहतं आणि कडा खाली पडतात, हवा दोन्ही बाजूंनी जाते. ‘र’ म्हणताना कडा वर, दाढांच्या आतल्या बाजूला टेकलेल्या असतात आणि टोक मोकळं असतं. ते उंचवट्याला एकदाच झटक्यात स्पर्श करून परत फिरतं. हा स्पर्श 20 ते 30 मिलिसेकंदांचा असतो. इतक्या वेळात टोक नेऊन परत आणायचं तर कडांचा आधार भक्कम लागतो. मुलाला तो अजून सापडलेला नसतो, म्हणून टोक जाऊन तिथेच बसतं आणि ‘राहिला’चं ‘लाहिला’ होतं.

म्हणून मी ‘र’ला ‘र’पासून कधीच सुरुवात करत नाही. ‘त’ किंवा ‘द’पासून करते. ‘त’ म्हणताना कडा आपोआप वर टेकलेल्या असतात, सगळीकडून हवा अडवल्याशिवाय ‘त’ होतच नाही. तेव्हा ‘त्र’ आणि ‘द्र’ असलेले शब्द घ्या: चित्र, पत्र, मित्र, कुत्रा, चंद्र. पुष्कळ मुलांचा पहिला खरा ‘र’ ‘कुत्रा’मध्ये येतो, ‘राम’मध्ये नाही. दुसरी वाट म्हणजे ‘ददददद’ हलक्या टोकाने, भरभर म्हणवून घेणं. टोक सैल राहिलं तर मध्येच एखादा ‘द’ ‘र’सारखा वाजतो. तो वाजला की लगेच, त्याच क्षणी सांगायचं, ‘हा! हाच आवाज!’ पाच मिनिटांनी सांगून उपयोग नाही, तोवर हालचाल विसरलेली असते.

‘ळ’चं काम निराळं. इथे टोक ‘ड’सारखं मागे वळतं, टाळूला लागतं, आणि पुढे येता येता सुटतं. त्याच वेळी ‘ल’सारख्या कडांवरून हवा जात असते. म्हणजे ‘ळ’ला लागणारे दोन्ही भाग तुमच्या मुलाकडे आहेत, जागा ‘ड’मधली आणि कडा ‘ल’मधल्या. फक्त ते एकत्र आलेले नाहीत.

माझ्याकडे मुलाला मी छोटा आरसा आणि टॉर्च देते आणि आधी माझ्या तोंडात बघायला सांगते. मोठं तोंड उघडून, सावकाश, मुद्दाम ताणून ‘आऽळाऽ’ म्हटलं की टोक मागे जातं आणि जिभेची खालची बाजू समोर येते, तिथल्या निळ्या शिरा दिसतात. ‘आऽलाऽ’ म्हटलं की दिसतो तो जिभेचा वरचा गुलाबी भाग. मुलांना या निळ्या शिरांचं फार अप्रूप वाटतं. मग आरसा त्यांच्या हातात. ‘तुझ्या निळ्या शिरा दिसतात का बघ’ एवढंच सांगायचं. जीभ मागे वळव, टाळूला लाव, कडा खाली सोड, असल्या सूचना सहा वर्षांच्या मुलाला कळत नाहीत, आणि मोठ्यांनाही पाळता येत नाहीत. टोक कुठे लागायला हवं ते कळत नसेल तर तिथे टाळूला कापसाच्या काडीने थेंबभर श्रीखंड लावते आणि तिथे टोक लावून ‘आडा’ म्हणायला सांगते. मग ‘आडा-आळा, आडा-आळा’. इथे श्रीखंड जागा दाखवण्यापुरतं, आणि लगेच त्याच जागी आवाज काढायचा. मध चाटण्याच्या व्यायामात आणि यात हाच फरक आहे.

‘ळ’चा शब्द निवडताना एक लक्षात ठेवा. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. सगळ्यात सोपा तो दोन स्वरांच्या मध्ये, त्यातही ‘आ’च्या शेजारी: शाळा, माळा, फळा, गोळा. ‘बाळ’, ‘फळ’ असे शब्द त्यानंतर, कारण शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही आणि ‘ळ’ला सुटायला पुढे स्वर मिळत नाही. ‘पावसाळ्यात’सारखे जोडाक्षरी शब्द अगदी शेवटी. बहुतेक घरी नेमकं उलट होतं, पाहुणे आले की ‘बाळ म्हण पाहू!’ इथून सुरुवात. ते कृपा करून थांबवा. मुलं त्या ओळीने हिरमुसतात आणि मग ‘ळ’ असलेले शब्दच टाळायला लागतात.

‘ण’बद्दल मला तुम्हालाच एक विचारायचंय. तुमचं सासर जुन्नरकडचं आहे आणि सासूबाई मुलाला दिवसभर सांभाळतात, असं तुम्ही लिहिलंय. त्या स्वतः ‘पाणी’ म्हणतात की ‘पानी’? त्या ‘पानी’, ‘लोनी’, ‘आनि’ म्हणत असतील तर मुलाच्या ‘न’मध्ये दोष नाही. ज्या माणसाकडून तो भाषा शिकला, त्या माणसासारखा तो बोलतोय, आणि बिनचूक बोलतोय. पुणे जिल्ह्यात आणि महाराष्ट्रभर असंख्य घरांत ‘ण’चा ‘न’ आहे. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ही बोलीची रीत आहे. पुण्यात मात्र ‘न’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात, आणि मग पालक त्याला माझ्याकडे ‘दुरुस्त’ करायला आणतात. आजीची भाषा दुरुस्त करायला मी कुणाही मुलाला घेत नाही. शाळेतल्या वाचनासाठी प्रमाण ‘ण’ही यावा असं वाटत असेल तर तो जरूर शिकवता येतो, जास्तीची एक पद्धत म्हणून. पण आजी चुकीचं बोलते असं त्याच्या कानावर कधीही पडू देऊ नका. घरात सगळेच ‘पाणी’ म्हणत असतील तर गोष्ट वेगळी, मग ‘ण’ही यादीत घ्यायचा. तो ‘ळ’पेक्षा लवकर येतो.

आता ऐकण्याचं. तोंडाकडे वळण्याआधी मला मुलाचा कान तपासायचा असतो. घरी एक चाचणी करा. दोन चित्रं काढा, एक चाळीचं आणि एक चालणाऱ्या माणसाचं. वहीने तुमचं तोंड झाका आणि कधी ‘चाळ’, कधी ‘चाल’ म्हणा, क्रम न ठेवता. त्याने फक्त बोट दाखवायचं. तसंच ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘माळ’ आणि ‘माल’. ‘र’साठी ‘रात’ आणि ‘लात’. तो बिनचूक बोट दाखवत असेल तर फरक त्याला कळतोय, म्हणण्याचाच सराव हवा. गोंधळत असेल तर आधी काही आठवडे नुसतं ऐकवायचं, म्हणायला लावायचंच नाही. शाळा इंग्रजी, कार्टून हिंदी असलेल्या मुलांत हा गोंधळ मला बराच दिसतो. इंग्रजीत ‘ळ’ नाही, प्रमाण हिंदीतही नाही. ‘ळ’ त्यांच्या कानावर पडतो तो फक्त घरच्या मराठीतून, आणि तोही आपण गडबडीत बोलताना.

या चाचणीने श्रवणशक्ती मात्र मोजली जात नाही. ऑडिओलॉजिस्टकडून कानाची रीतसर तपासणी मी प्रत्येक मुलाची करून घेते, अगदी ‘त्याला हाक मारली की लगेच येतो’ असं आईने सांगितलं तरी. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साठतं, ऐकू येतं पण पुसट, आणि ते घरात लक्षातही येत नाही.

शिरेचं राहिलं. शेजारीण जिला शीर म्हणते तो जिभेखालचा पातळ पडदा प्रत्येकाला असतो. काहींचा आखूड किंवा टोकापर्यंत आलेला असतो. मग जीभ बाहेर काढली की टोकाला मध्ये खाच पडते, बदामाच्या आकारासारखी, आणि तोंड उघडं ठेवून टोक वरच्या दातांमागे लावता येत नाही. असं असलं तरी पुष्कळ जण स्वच्छ बोलतात. तान्ह्या बाळाला दूध ओढता येत नसेल तर तो पडदा कापण्याचा विचार डॉक्टर करतात, तो प्रश्न वेगळा. तुमच्या मुलाला ‘ल’ आणि ‘ड’ येतात, त्यामुळे नुसत्या ‘र’-‘ळ’साठी मी कापायला सांगणार नाही. तरीही वर सांगितलेली खूण दिसली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला एकदा दाखवा. आणि कधी कापावं लागलंच, तरी कापल्याने अक्षर येत नाही, हालचाल नंतर शिकावीच लागते.

वेखंडाबद्दल सासूबाईंशी भांडू नका, पण ते जिभेवर लावूही नका. अक्कलकरा ही दुसरी मुळी तर अजिबात नको, त्याने तोंडाला चुणचुण लागते आणि लाळ सुटते, बाकी काही नाही. जिभेला कुठे टेकायचं हे कुठलीही मुळी सांगू शकत नाही. त्यांना हवं तर दुसरं काम द्या: रोज संध्याकाळी नातवाला ‘ळ’चे भरपूर शब्द असलेली गोष्ट सांगायची, सावकाश. त्यांच्या बोलण्यात ‘ळ’ चांगला ठसठशीत असणार, आणि दिवसभर तो त्यांच्यापाशीच असतो.

सरावाचं प्रमाण सांगते. रोज पाच ते दहा मिनिटं, एका वेळी एकच अक्षर. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आधी ‘ळ’ घ्या, कारण त्याचे दोन्ही भाग त्याच्याकडे तयार आहेत. ‘र’ हा मुलांमध्ये उशिरा येणाऱ्या अक्षरांपैकी आहे. काहींचा चौथ्या वर्षी येतो, काहींचा सहा-सात वर्षांपर्यंत रेंगाळतो, त्यामुळे ‘र’साठी तुमच्या हातात थोडा वेळ आहे. सरावाची ती दहा मिनिटं सोडून उरलेल्या दिवसात दुरुस्त्या करत बसू नका. तो ‘डबा शालेत लाहिला’ म्हणाला तर ‘हो का, शाळेत राहिला? उद्या शाळेतून आण हं’ असं म्हणून पुढे जायचं. बरोबर आवाज त्याच्या कानावर दोनदा पडला, बोलणंही तुटलं नाही. समोरचे दातही या वयात पडत असतात. त्या दिवसांत ‘स’ फुसफुसला तर नवीन दात येईपर्यंत त्याकडे लक्ष देऊ नका.

किती दिवस लागतील हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ते मुलाच्या कानावर, घरी होणाऱ्या सरावावर आणि त्याला स्वतःला किती वाटतंय यावर अवलंबून असतं. माझा नेम असा, की असा सराव तीन महिने नीट होऊनही ‘ळ’ शब्दात एकदाही आला नाही तर घरचे प्रयोग थांबवून तज्ज्ञाकडे जायचं. आणि पुढच्यापैकी काही असेल तर तीन महिनेही थांबायचं नाही: बाहेरच्या माणसाला त्याचं निम्मं बोलणं कळत नाही, आवाज सतत नाकातून येतो, या वयातही लाळ गळते, चावताना किंवा गिळताना त्रास होतो, पूर्वी येणारी अक्षरं आता जायला लागली आहेत, किंवा तो बोलणंच टाळायला लागलाय.

तज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, 1992च्या कायद्यानुसार ती लागते, आणि नोंदणी क्रमांक विचारल्यावर कुणी रागावत नाही. पुण्यात खासगी क्लिनिकं भरपूर आहेत. शिवाय भारती विद्यापीठात या विषयाचं शिक्षण देणारी संस्था आहे, तिथेही चौकशी करा. जाताना मोबाइलवर त्याचं दोन-तीन मिनिटांचं साधं बोलणं रेकॉर्ड करून न्या, भावंडाशी खेळताना किंवा आजीशी गप्पा मारतानाचं. अनोळखी खोलीत मुलं गप्प होतात किंवा फार जपून बोलतात. कानाच्या तपासणीचा कागद असेल तर तोही बरोबर ठेवा. नसेल तर आधी ती वेळ घ्या.